मोजणीबाई आणि पडद्याचा वेग

मोठ्या इस्पितळात गेलेल्या माणसाला डॉक्टर भेटतात, नर्स भेटतात, औषधांच्या खिडकीतला तुसडा मनुष्य भेटतो. या सगळ्यांचा खेळ ज्यांच्या एका ओळीवर चालतो, त्या मोजणीबाई मात्र कधी भेटत नाहीत. त्यांची खोली तळघरात. लिफ्ट तिथवर जाते, पण दार उघडताना अशी कुरकुरते, की जणू विचारते आहे, ‘इथे कशाला उतरताय?’ पुढे लांबलचक व्हरांडा. डाव्या हाताला धुण्याची खोली, उजवीकडे मोडक्या खाटांचं कोठार, आणि अगदी शेवटी, नाकाला झोंबणाऱ्या औषधी वासाच्या पलीकडे, एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक आणि त्यावर मान वाकवून बसलेल्या मोजणीबाई.

वरच्या मजल्यांवर सर्जन माणसाच्या पोटातून जे काही काढतात, ते खाली येतं. तिथे एक गृहस्थ त्याचे तुकडे मेणात बसवून ठोकळे करतात, त्या ठोकळ्यांचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप घेतात, काचपट्टीवर चढवतात आणि रंगवतात. त्यांना सगळे रंगारी म्हणतात. ‘भिंती रंगवल्या असत्या तर एव्हाना नाव झालं असतं’ ही त्यांची आवडती तक्रार. रंगलेली काच बाईंच्या टेबलावर येते, आणि बाई सांगतात, हे काय आहे आणि पुढे कसं वागेल.

बाईंचं ‘मोजणीबाई’ हे टोपणनाव नव्या डॉक्टर पोरांनी ठेवलं. ठेवलं ते चेष्टेनं, पण चिकटलं ते आदरानं. त्याचं कारण एक विशिष्ट गाठ.

जठरापासून आतड्याच्या शेवटापर्यंत, आणि स्वादुपिंडातही, काही पेशी अशा असतात की त्या शरीराला रसायनांतून निरोप धाडत असतात. अर्ध्या मज्जातंतूसारख्या, अर्ध्या ग्रंथीसारख्या. त्या बिथरल्या की त्यांच्या गाठी होतात. सूक्ष्मदर्शकाखाली मोठ्या देखण्या दिसतात या गाठी. नीट घोळक्यांनी बसलेल्या पेशी, आणि प्रत्येकीच्या केंद्रकात मीठ-मिरी भुरभुरावी तसे ठिपके. पण स्वभाव म्हणाल तर दिसते गोगलगाय आणि पोटात पाय. एखादी गाठ वर्षानुवर्षं झोपून राहते, एखादी महिन्यांत माणूस खाते. हा स्वभाव ओळखायचा तर मोजावं लागतं. वाढीच्या तयारीत असलेल्या पेशीचं केंद्रक तपकिरी करणारा एक रंग आहे. बाकीची केंद्रकं निळी राहतात. शंभरांत तिनापेक्षा कमी तपकिरी, तर पहिली श्रेणी. तीन ते वीस, दुसरी. विसाच्या वर गेली की तिसरी. मग डॉक्टरांचे चेहरे बदलतात, औषधं बदलतात, आणि घरात माणसं हळू आवाजात बोलायला लागतात.

बरेच लोक काच बघून अंदाजानं सांगून टाकतात, ‘असतील दहा टक्के.’ बाईंना अंदाज या शब्दाचाच तिटकारा. त्या सूक्ष्मदर्शकाला लावलेल्या कॅमेऱ्यानं फोटो काढायच्या, तो कागदावर मोठा छापायच्या, आणि एका हातात लाल पेन्सिल, एका हातात निळी घेऊन एकेका पेशीवर रेघ मारायच्या, तपकिरीवर लाल, निळीवर निळी. निदान पाचशे पेशी. चहा समोर थंड व्हायचा, त्यावर साय धरायची, रंगारी तो उचलून नेऊन दुसरा आणायचे, तोही थंड व्हायचा.

“बाई, हा चहा पण मेणात बसवून ठेवू का?”

“ठेवा. पण आधी गोड आहे का बघा.”

मोजणीला जागाही योग्य ती निवडायची, सोयीची नव्हे. जिथे तपकिरी ठिपके सगळ्यांत दाट, तिथेच मोजायचं. नव्या पोरांना बाई सांगत, “मारामारी कुठे चाललीय ते बघायचं असेल, तर शांत गल्लीत उभं राहून चालत नाही.” आणि दुसरी गोष्ट, जी त्यांच्या आईची होती. आई ताटात धान्य घेऊन निवडायला बसे, आणि लहानपणी बाई शेजारी बसून भराभर खडे वेचत. आई म्हणायची, “खडा शोधू नकोस बाळ. आधी दाणा ओळखायला शीक. दाणा ओळखता आला, की खडा आपणच हात वर करतो.” आपण पुढे जे मोठमोठ्या पुस्तकांतून शिकलो, ते आईनं त्या ताटातच शिकवलं होतं, असं बाई म्हणत, आणि त्यात विनयाचा भाग कमी, हिशेब जास्त होता.

त्यांचा एक कडक नियम होता. रोग्याचा चेहरा पाहायचा नाही. वय कळावं, कुठली गाठ ते कळावं, बास. “चेहरा दिसला की पेन्सिल हलते,” त्या म्हणायच्या. “आपल्याला वाटतं आपण दयाळू आहोत. प्रत्यक्षात आपण चुकीचे असतो.”

हा नियम मोडला तो पडदेमामांमुळे.

त्या दिवशी पोटाचे सर्जन स्वतः तळघरात उतरले. हातात मेणाच्या ठोकळ्यांचा आणि काचांचा डबा.

“बाई, एक भानगड आहे.”

“तुम्ही कधी पेढे घेऊन आलायत, सर?”

“ऐका तर. दुसऱ्या दवाखान्यात मी एका माणसाच्या लहान आतड्यातली गाठ काढली. ठोकळे तिकडच्याच लॅबमध्ये गेले. रिपोर्ट आला, शंभरात सव्वीस. तिसरी श्रेणी. यकृतातही एक लहान ठिपका आहे. सोमवारपासून त्याला इथेच जहाल औषधं चढवायची ठरलीत. पण माझ्या हाताला ती गाठ तशी वाटली नव्हती हो. शांत वाटली.”

“हातालाच कळत असतं तर मी घरी बसून स्वेटर विणले असते.”

“म्हणून तर आलो.”

“मोजलं कोणी?”

सर्जननी घसा साफ केला. “तुमच्याच शिष्यानं.”

तो मुलगा त्यांच्याच टेबलाशी बसून पेन्सिल धरायला शिकला होता. इतका मन लावून काम करणारा त्यानंतर कोणी आला नाही, असं त्या स्वतः सांगत. त्यांनी डबा ठेवून घेतला.

थोड्याच वेळात व्हरांड्यात रंगाऱ्यांचा आवाज चढला. “अहो, इथे पेशंटना यायला मनाई आहे! वर जा, वर!”

“जातो की. जरा गुडघ्यांना विचारतो आणि जातो,” दुसरा आवाज म्हणाला, आणि स्टूल ओढल्याचा आवाज झाला.

बाई दारात आल्या. एक उंच, वाकलेला मनुष्य स्टुलावर बसला होता. कपडे स्वच्छ, केस विंचरलेले, आणि हात मात्र अवाढव्य. तळव्यावर दोरीच्या घासण्यानं पडलेले जुने घट्टे, पॉलिश केलेल्या लाकडासारखे चकाकणारे. चेहरा लालबुंद, जणू आत्ताच कोणी थोबाडीत मारली आहे. तो सगळा लाल रंग बाई बघत असतानाच हळूहळू उतरला.

“तुम्हीच का मोजणाऱ्या बाई?” तो म्हणाला. “माझ्या आतड्याचा डबा सर्जनसाहेब घेऊन खाली गेले, तेव्हा मी मागोमाग आलो. लेक औषधांच्या रांगेत आहे. तिला सांगू नका, ओरडेल.”

आता चेहरा दिसलाच होता. बाईंनी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. “इथे यायचं नसतं हो.”

“माहीत आहे. पण मी आयुष्यभर विंगेत उभा राहिलोय. नाट्यगृहात पडदा ओढतो मी. समोरून बघायची सवयच नाही. खेळ कुठून चालतो, ते आधी शोधतो.”

झालं. माणसाला बसायला सांगावं लागलं. रंगाऱ्यांनी कधी नव्हे तो पाहुण्यासाठी चहा आणला, आणि तोही गरम.

सगळे त्यांना पडदेमामा म्हणत. नटनट्या बदलल्या, मालक बदलले, पडद्याचं मखमली कापडही दोनदा बदललं, दोरीवरचे हात तेच राहिले. कित्येक ठिकाणी आता बटण दाबलं की पडदा सरकतो. त्यांच्या नाट्यगृहात अजून दोरी आणि चाकं होती, आणि जुने नट हट्टानं सांगत, आमचा पडदा मामांनीच सोडायचा. कारण मामांना वेग कळत असे. विनोदी अंकाचा पडदा हशा ओसरायच्या आत झपकन पडला पाहिजे. दुःखाचा पडला पाहिजे तो उशिरा, थांबत थांबत, की प्रेक्षकाला टाळी वाजवायचं भान यायला वेळ मिळावा.

“आणि हा चेहरा?” बाईंनी विचारलं. “लाल कधीपासून होतो?”

मामा हसले. “अहो, तीच तर गंमत. चार-पाच वर्षं झाली. विंगेत अचानक कानापर्यंत लाल व्हायचो. नेमकी तेव्हा एखादी नायिका शेजारून गेलेली असायची. झालं, सगळ्या मंडळींना विषयच मिळाला. ‘मामा लाजले, मामा लाजले!’ या वयात! मीही म्हटलं, असेल बाबा. आता सर्जनसाहेब म्हणतात, लाजत नव्हतात, गाठ रसायन सोडत होती. म्हणजे बघा, एक प्रेमप्रकरण होतं नावावर, तेही गेलं.”

रंगारी मोठ्यांदा हसले आणि बाईंकडे बघून पटकन थांबले. बाईही हसत होत्या.

मग मामांनी चहाचा कप खाली ठेवला. “ते तिसरी श्रेणी म्हणतात, ते काय असतं, बाई? मला कोणी सांगत नाही. लेकीला सांगतात, ती स्वयंपाकघरात जाऊन रडते आणि बाहेर येऊन म्हणते, काही नाही.”

बाईंनी सांगितलं. निळ्या पेशी, तपकिरी पेशी, शंभरांत किती. मामा डोळे मिटून ऐकत राहिले.

“म्हणजे पडद्याचा वेग,” ते म्हणाले.

बाईंनी चमकून पाहिलं. इतकी वर्षं त्या शिकवत होत्या, पण इतक्या थोडक्यात त्यांना कधी सांगता आलं नव्हतं. “हो,” त्या म्हणाल्या. “वेगच.”

“आणि ही जहाल औषधं. त्यांनी बोटं बधिर होतात म्हणे?”

“पुष्कळांची होतात. कधी कधी कायमची.”

मामांनी आपले ते अवाढव्य हात मांडीवर पालथे केले, उलटे केले. “दोरी डोळ्यांनी सोडत नाहीत, बाई. पडदा कुठवर आला ते बोटांना कळतं. बोटं गेली तर मी विंगेत उभा राहून काय करू? टाळ्या वाजवू? तिसरी असेल तर असो, घेईन औषधं, लेकीसाठी घेईन. पण नसताना बोटं जायला नकोत. तेवढं बघा.”

“जे आहे तेच मी मोजणार. तुमच्यासाठी एक पेशीही कमी करणार नाही.”

“कमी करा म्हणायला आलोच नाही. पडदा चुकीच्या खुणेवर पडू नये, एवढंच.” ते उठले, रंगाऱ्यांना नमस्कार केला आणि लिफ्टकडे गेले. लिफ्ट त्यांच्यासाठी कुरकुरली नाही, असं रंगारी पुढे सगळ्यांना सांगत असत. ते खरं धरायचं कारण नाही.

बाईंनी शिष्यानं खूण करून मोजलेली काच लावली. डोळा टेकवताच त्यांना शिष्याची चूक दिसली. ती इतकी सरळ होती की वाईट वाटावं. आतड्याच्या भिंतीत शरीराच्या शिपायांच्या छावण्या असतात. बारीक, गोल, गडद पेशी, रोगजंतूंशी लढणाऱ्या. त्या सतत वाढीच्या तयारीत असतात, म्हणून त्या रंगात भरभरून तपकिरी होतात. गाठीच्या कडेला अशीच एक छावणी होती. शिष्यानं नियमाप्रमाणे सर्वांत दाट तपकिरी जागा शोधली होती, प्रामाणिकपणे एकेक पेशी मोजली होती, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त गाठीच्या नव्हत्याच. पहारेकऱ्यांनाच चोर म्हणून मोजलं होतं.

त्यांनी रंगाऱ्यांकडून जोडकाप, म्हणजे त्याच ठोकळ्याचा लगतचा काप, दुसऱ्या रंगानं रंगवून घेतला, ज्यात फक्त गाठीच्या पेशी रंग धरतात. ती छावणी त्यात कोरीच राहिली. शंका फिटली. मग त्यांनी गाठीच्या मधोमध, मीठ-मिरीच्या सुंदर घोळक्यांवर फोटो घेतला आणि पेन्सिली उचलल्या. पाचशे पेशी. लाल रेघा पाच.

शंभरात एक. पहिली श्रेणी! बाईंनी पेन्सिली ठेवल्या, आणि गार चहा एका घोटात प्यायल्या. रंगारी बघतच राहिले.

संध्याकाळी घरी त्या भांडी आवरताना गुणगुणत होत्या. त्यांचे यजमान निवृत्त भूगोलशिक्षक, खुर्चीत बसून कात्रीनं पायाची नखं काढत होते. जन्मात दोघांनी एकमेकांची थट्टा केल्याशिवाय एक जेवण केलं नव्हतं.

“काय गं, आज गाणं? कोणाला बरं केलंस?”

“मी बरं करत नाही. मोजते.”

“मग आज कमी मोजलंस वाटतं,” ते म्हणाले, आणि पुढच्या नखाकडे वळले.

बाईंच्या हातातलं ताट तसंच राहिलं. नळ वाहत राहिला.

कमी मोजलंस वाटतं. यजमानांच्या लेखी तो विनोद होता. पण बाईंना एकदम ती जागा दिसली, जिथे त्यांनी फोटो घेतला होता. गाठीच्या मधोमध. शांत, देखणी गल्ली. शिष्याची चूक सापडल्याच्या आनंदात त्यांनी त्याची जागा खोडली होती, पण स्वतः सर्वांत दाट जागा शोधलीच नव्हती. डब्यात आणखी ठोकळे होते. आतड्याबाहेरच्या चरबीत गाठीचा एक तुकडा पसरला होता, त्याचे. ते त्यांनी रंगवायलाही दिले नव्हते. का? कारण ते मांडीवर उलटेपालटे होणारे हात. शिष्यानं परक्यांना मोजलं, आणि आपण आपल्या माणसाला वाचवायला निघालो. दोन्हीकडे रोगी तोच, आणि दोन्हीकडे आकडा खोटा.

“अहो,” त्या म्हणाल्या, “तुम्ही माणूस आहात की तराजू?”

“का गं? काय झालं?”

“काही नाही. नखं उचला ती.”

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगारी कोट चढवतात न चढवतात तोच बाई उभ्या. “डब्यातले सगळे ठोकळे कापा. सगळे रंगवा. प्रत्येकातली सर्वांत दाट जागा शोधून फोटो घ्या, पण छावण्या टाळून, जोडकापाशी ताडून. मला दाखवू नका. मग कपाटातल्या अशाच जुन्या गाठींचे फोटो काढा, आणि सगळे एकत्र करा. पुढे काही लिहायचं नाही. खूण फक्त मागे.”

“बाई, हे काय नवीन? तुमचा तुमच्यावरच भरवसा नाही?”

“काल नव्हता. आज बघू.”

रंगाऱ्यांनी ते काम असं काही मन लावून केलं, की म्हणतात ना, जीव ओतून. ओले रंग वाळले, कागद छापून झाले. त्यांनी तो गठ्ठा पत्त्यांसारखा पिसला, टेबलावर आपटून कडा जुळवल्या आणि बाईंसमोर धरला.

“कापा.”

बाईंनी कापला. आणि मग त्या बसल्या. कोणता कागद मामांचा, कोणता कुठल्या अनोळखी माणसाचा, कळायला मार्ग नव्हता. लाल रेघ, निळी रेघ. लाल, निळी, निळी, निळी. मध्येच एखाद्या घोळक्यापाशी मन म्हणायचं, हा देखणा आहे, हा त्यांचाच असणार, आणि बाई त्याला दटावायच्या, गप्प बस. डोळ्यांत पाणी यायचं, ते थकव्याचं. चष्मा काढायचा, पुसायचा, पुन्हा चढवायचा. रंगभूमीवर एखादा मोठा नट तालमीला एकेक शब्द घासून घेतो, तेव्हा रिकामं प्रेक्षागृहसुद्धा श्वास धरून बसतं. तळघरात तसं झालं होतं. बाहेर धुण्याच्या खोलीतली यंत्रं बंद पडल्यावरच रंगाऱ्यांना कळलं की दिवस गेला.

शेवटचा कागद मोजून बाईंनी गठ्ठा उलटा केला. “वाचा मागच्या खुणा.”

रंगारी वाचत गेले. मामांचे कागद बाजूला काढले. मधल्या गाठीतल्या दाट जागेत शंभरात दोन. दुसऱ्या ठोकळ्यात तीन. आणि चरबीत पसरलेल्या तुकड्यात, पाचशे पेशींत एक्केचाळीस लाल.

“शंभरात आठ,” बाई म्हणाल्या. “दुसरी श्रेणी.”

रंगाऱ्यांनी मामांचे कागद एकावर एक नीट रचले. मग म्हणाले, “एक असता तर बरं वाटलं असतं, नाही का?”

“मला वाटलं असतं. गाठीला काय वाटलं असतं?”

मग त्यांनी शिष्याला फोन लावला. तो आधी बाईंचा आवाज ऐकून खूश झाला आणि मग छावणीचं ऐकून असा गप्प झाला, की बाईंना वाटलं फोन कटला.

“आहेस का रे?”

“मॅडम, मी कान पकडले आहेत.”

“कान सोड आणि फोन धर. तुझी मोजणी अचूक होती, मी तपासली. हजेरी बरोबर घेतलीस, फक्त शेजारच्या वर्गाची घेतलीस.”

“मॅडम, त्या माणसाला सोमवारपासून...”

“म्हणूनच फोन केला. नव्या काचा आणि फोटो पाठवते. माझ्यावर विसंबू नकोस, स्वतः मोज. पटलं तर सर्जनना तूच कळव. दुरुस्ती तुझ्या सहीनं जाऊ दे. आणि ऐक, मीही काल एकदा मोजलं होतं. तुझ्याहून वाईट.”

“म्हणजे?”

“म्हणजे भेटायला ये, मग सांगते. गरम चहा पाजते.”

शिष्यानं मोजलं. त्याचा आकडा साडेसात आला. श्रेणी तीच. जहाल औषधं रद्द झाली.

बाई तिथेच थांबल्या असत्या तरी काम पुरं झालं होतं. बातमी सांगणं सर्जनचं काम. पण त्या लिफ्टमध्ये चढल्या आणि वर गेल्या. व्हरांड्यातल्या दोन नर्स एकमेकींना विचारू लागल्या, या कोण? बाकावर मामा बसले होते, शेजारी त्यांची लेक. शाळेत शिकवणारी, हसतमुख असावी अशी, पण गेल्या काही दिवसांत हसणं विसरलेली. सर्जननी नुकतंच सांगितलं होतं. ती उठून बाईंचे हात धरू लागली.

“बसा, बसा. आनंद करा, पण पुरतं ऐका,” बाई म्हणाल्या. “ही दुसरी श्रेणी आहे. पहिली नाही. यकृतातला ठिपका तिथेच आहे. महिन्याला एक इंजेक्शन, ठरल्या वेळी स्कॅन. बरे झालात असं मी म्हणणार नाही.”

“पण किती वर्षं, बाई?” लेकीनं विचारलं. “सगळे म्हणतात, अवलंबून आहे, अवलंबून आहे.”

बाईंनी मामांकडे पाहिलं. “मामा, भरलेलं प्रेक्षागृह असलं, की दुसऱ्या अंकानंतर साधारण किती माणसं उठून जातील, तुम्ही सांगू शकता?”

“डोळे मिटून.”

“आणि तिसऱ्या रांगेतला टोपीवाला उठेल का, ते?”

“ते कसं सांगणार? त्याचं त्याला माहीत. त्यालाही नसेल माहीत.”

“माझा आकडाही गर्दीबद्दलच बोलतो. या श्रेणीची पुष्कळ माणसं पुष्कळ वर्षं बसून राहतात. तुमच्याबद्दल एकट्याचं मला सांगता येत नाही, आणि येतं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.”

मामांनी मान डोलावली. “म्हणजे पडदा सावकाश.”

“सावकाश. पण दोरी सुटली आहे, हे विसरायचं नाही.”

“दोरी सगळ्यांचीच सुटलेली असते हो,” मामा म्हणाले, आणि बोटं हलवून बघितली, एकेक करून, जणू ती आत्ताच परत मिळाली होती. लेक तेव्हा पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता पदरानं नाक पुसू लागली.

त्यानंतर मामा इंजेक्शनला आले की लिफ्टनं आधी खाली उतरत. रंगारी कुरकुरत स्टूल पुढे करत. चेहऱ्याचं लाल होणं इंजेक्शननं थांबलं होतं. मंडळींचा विषय गेला म्हणून मामा हळहळत. स्कॅनमध्ये ठिपका वर्ष-दोन वर्षं तसाच राहिला. मग किंचित वाढला. मग त्याच्या शेजारी दुसरा आला. मामांनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, “वेग?” बाई म्हणाल्या, “तोच.” “मग चालू द्या.”

आणि एक दिवस ते निमंत्रण घेऊन आले. दोरी सोडायची ठरवली होती. खांदे दुखतात, म्हणाले, आणि आता बटण येतंय. शेवटच्या खेळाचा शेवटचा पडदा त्यांचा. बाईंनी यायचंच.

बाई यजमानांना घेऊन गेल्या. लेकीनं त्यांना पुढच्या रांगेत आपल्या शेजारी बसवलं. नाटक काय होतं, ते बाईंना नंतर सांगता आलं नाही, कारण त्या पूर्ण वेळ पडद्याच्या कडेकडे बघत होत्या, जिथून कधीतरी ते हात दिसतील असं त्यांना वाटत होतं. शेवटचं वाक्य झालं. नायिका पाठमोरी उभी. आणि पडदा आला. आला म्हणजे कसा! आधी कळलंच नाही तो हलला म्हणून. मग थोडा थांबला, जसा दारात निरोप घेणारा मनुष्य थांबतो. मग पुन्हा सावकाश, सावकाश, आणि जमिनीला टेकला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. प्रेक्षागृह एक क्षण तसंच राहिलं, आणि मग टाळ्यांनी छत खाली यायचं बाकी राहिलं.

पडद्याच्या फटीतून नट मंडळींनी एका उंच, वाकलेल्या माणसाला ओढत पुढे आणलं. आयुष्यात पहिल्यांदा तो पडद्याच्या या बाजूला उभा होता. दिव्यांनी त्याचे डोळे दिपले. हात कुठे ठेवावेत हे कळेना. आणि त्याचा चेहरा मानेपासून कानापर्यंत लालबुंद झाला.

लेकीनं बाईंचा दंड घट्ट धरला. “बाई! लाल झाले. पुन्हा झाले. इंजेक्शन तर मागच्याच आठवड्यात...”

बाई पुढे झुकल्या. जिनं चेहरा बघायचा नाही हा नियम आयुष्यभर पाळला, ती बाई तो एक चेहरा बारकाईनं बघत राहिली, काचेखाली बघावा तसा. मामा खाली मान घालून हसत होते. नायिकेनं त्यांच्या गळ्यात हार घातला, त्यांचा हात धरून उंच केला, आणि लाली आणखी गडद झाली. टाळ्या थांबेनात.

थोड्या वेळानं ते हारासकट जिना उतरून खाली आले, ते थेट बाईंसमोर. लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं.

“घाबरू नका गं,” ते म्हणाले. “बाई, हे तुमच्या रसायनाचं नाही. मंडळी इतकी वर्षं उगीच आळ घेत होती. आज मात्र खरोखर लाजलो.”

“कशावरून?” बाईंनी आपल्या त्या कडक आवाजात विचारलं.

“हात लावून बघा ना.” आणि मामांनी आपला अवाढव्य हात पुढे केला. रसायनाची लाली सहसा कोरडी असते, आणि हा हात तर घामानं भिजला होता, आणि बाईंच्या बोटांभोवती त्यानं जी पकड घेतली, तिला बाईंची नाडीसुद्धा लागली असेल, इतकी ती जागी होती.